सुटीतले घर : ‘श्यामची आई’ चित्रपटाचे स्मरणरंजन आणि आचार्य अत्रे

आचार्य प्र. के. अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला, तेव्हा त्यात दिसणारे जग बऱ्याच अंशी इतिहासजमा झालेले होते. श्यामचे घराणे खोताचे. ती खोती मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने रद्द केली होती. त्याच्या आदल्या वर्षी कूळकायदा आला होता. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीमुळे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गाव सोडून शहराची वाट धरली होती. ज्यांच्या आठवणींतून मूळ पुस्तक सिद्ध झाले ते साने गुरुजी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवन संपवून निघून गेले होते. म्हणजे चित्रपटाच्या पहिल्या प्रेक्षकासमोर जे उभे राहिले ते हरवलेले घर होते, हरवलेली आई होती, आणि त्या दोहोंची गोष्ट सांगणारा माणूसही हरवलेला होता. स्मरणरंजनाला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. तेव्हा त्या पिढीला या चित्रपटाने रडविले यात नवल मानण्याचे कारण नाही.

नवल वाटावे असे पुढे आहे. ज्यांनी हे घर कधी गमावलेच नाही, कारण ते कधी त्यांचे नव्हतेच, त्यांनाही हा चित्रपट आपल्या बालपणाचा वाटत आला आहे. सीताबर्डीतून पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५३ साली नागपूर ही मध्यप्रदेश राज्याची राजधानी होती. पालगड-दापोलीचा मुलूख मुंबई राज्यात होता. मराठी भाषकांच्या एका राज्यासंबंधीचा नागपूर करार त्याच वर्षी २८ सप्टेंबरला झाला, आणि त्याविषयी या भागातील मत एकमुखी नव्हते हे सर्वज्ञात आहे. कापसाच्या आणि संत्र्यांच्या प्रदेशातील या प्रेक्षकाने समुद्र पाहिलेला असण्याचा संभव कमी. भाताची खाचरे, आगरातील पोफळी, पावसात वाहणारे पऱ्हे हे त्याच्या स्मृतीचे सामान नव्हे. राजकीय आणि भौगोलिक अर्थाने परक्या असलेल्या घराची त्याने ओढ बाळगावी, आणि ती त्याच्या मुलानातवंडांपर्यंत टिकावी, याचे स्पष्टीकरण ‘मातृप्रेम सनातन आहे’ या ठरीव वाक्याने होत नाही. मातृप्रेमावरचे चित्रपट मराठीत आणि हिंदीत पुष्कळ झाले आणि विसरलेही गेले.

येथे ‘स्मरणरंजन’ या शब्दाकडेच थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने, परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांच्या दुखण्यासाठी घडविली. घरी परतणे आणि वेदना असे तिचे दोन ग्रीक घटक आहेत. मराठीत तिचा पर्याय रूढ झाला तेव्हा या दोन्ही गोष्टी गळून पडल्या. परतण्याच्या जागी स्मरण आले आणि वेदनेच्या जागी रंजन. शब्द सोयीचा आहे, पण त्याने मराठी समीक्षेची एक गैरसोय केली आहे. आठवणींत रमणारी कोणतीही कृती या शब्दाखाली आणली की ती आपोआप हलकी ठरते, आणि जिच्यात रंजन अत्यल्प पण परतणे आणि वेदना भरपूर आहेत अशा कृतीला मग नाव उरत नाही. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार कल्पिले : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा एक, आणि हरवलेपणावरच रेंगाळणारा, त्याचे चिंतन करणारा दुसरा. ‘श्यामची आई’ दुसऱ्या प्रकाराला जवळची आहे, पण तिथेही पुरती बसत नाही. श्याम घराच्या हरवलेपणावर रेंगाळत नाही. तो घरी पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी त्याला घर आधीपेक्षा खालावलेले दिसते.

हे ‘येणे’ हाच या आकर्षणाचा गाभा आहे. पुस्तकाची जन्मकथा सर्वपरिचित आहे : नाशिकचा तुरुंग, १९३३ चा फेब्रुवारी, पाच दिवसांतले लेखन, १९३५ मधील प्रकाशन. घरी जाण्याची मुभाच नसलेल्या माणसाने घराविषयी लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि त्याची रचना बेचाळीस रात्रींची आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. अनेक रात्रींच्या आरंभी तृतीयपुरुषी निवेदक श्रोत्यांचे वर्णन करतो, मग श्यामचे प्रथमपुरुषी कथन सुरू होते. श्रोते श्यामच्या गावचे नाहीत. त्यांनी त्याची आई पाहिलेली नाही. अनोळखी घराची ओढ लागलेला पहिला वाचकवर्ग असा संहितेच्या आतच बसविलेला आहे. पालगड न पाहिलेल्या वाचकासाठी पुस्तकाने आधीच बसकर अंथरून ठेवलेले असते.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कथेतील श्यामचे स्थान. प्रारंभीच्या रात्री सोडल्या तर श्याम हा घरात राहणारा मुलगा नाही. इंग्रजी शिक्षणासाठी तो दापोलीला राहतो, पुढे औंधला जातो. घर त्याला भेटते ते सुटीत. पुस्तकातील कळसाचे अनेक प्रसंग सुटीचे, सणाचे आहेत, ही गोष्ट समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही. त्यांतील दोन प्रसंग येथे विस्ताराने पाहण्याजोगे आहेत.

पहिला ‘बंधुप्रेमाची शिकवण’ या रात्रीतला. श्याम दापोलीस असताना खाऊचे पैसे साठवतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीच्या सुटीत भर पावसात पायी घरी येतो. ढोबळ वाचनात ही भावाभावांच्या प्रेमाची गोष्ट. पण कोट पाहिल्यावर आईचा पहिला प्रश्न पैसा कोठून आला हा असतो : कर्ज काढलेस का, फीचे वापरलेस का, कोणाचे घेतलेस का. आनंदाच्या प्रसंगी ही उलटतपासणी कठोर वाटते. परंतु ज्या घरात कर्ज वाढत चालले आहे त्या घराच्या दारात पैशाची कोणतीही वस्तू आली की आधी संशय येतो. गरिबीने त्या घराच्या प्रेमाची भाषाच अशी घडविली आहे. शहरात शिकणारा मुलगा सणाला काही घेऊन येतो, आणि देणाऱ्याचा आनंद नि घेणाऱ्याची धास्ती उंबऱ्यावर एकमेकांना भेटतात. हा अनुभव चित्पावनी नाही, कोकणी तर नाहीच. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून नागपुरात शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या मोर भवन स्थानकावर पिशवी घेऊन गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी तो पुरता ओळखतो.

दुसरा प्रसंग ‘आनंदाची दिवाळी’ या रात्रीचा. वडिलांचे धोतर फाटलेले आहे, त्यांना नवे घेणे परवडत नाही. आई आपल्या भाऊबीजेच्या पैशातून त्यांच्यासाठी धोतर आणविते. प्रसंगात नाट्य असे नाहीच. पण त्यातील व्यवहार न्याहाळण्यासारखा आहे. भाऊबीज हे स्त्रीचे माहेरचे धन, तिच्या स्वतःच्या हक्काचे वर्षातील जवळजवळ एकमेव उत्पन्न. तेही सासरच्या अब्रूसाठी खर्ची पडते. शीर्षकातील ‘आनंदाची’ हे विशेषण निरागस आहे की नाही, याविषयी वाचकाने थोडे अडखळावे. श्याम त्याला आनंदच म्हणतो. स्त्रीवादी वाचन त्याला दुसरे काही म्हणेल, आणि ते चूक ठरणार नाही. मात्र दोन्ही वाचनांना एक गोष्ट मान्य करावी लागेल : या दिवाळीत कोणाचीही इच्छा स्वतःपाशी थांबत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावरच्या वस्त्राकडे वळते.

अमेरिकेतील एका समांतर उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा बॉब क्लार्क यांनी दिग्दर्शित केलेला १९८३ चा चित्रपट तेथे सणाचा चित्रपट म्हणून रूढ झालेला आहे; १९९७ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर नाताळच्या पूर्वसंध्येपासून चोवीस तास तो पुनःपुन्हा दाखविण्याची प्रथा पडली. त्याचा कर्ता जीन शेफर्ड हा न्यूयॉर्कच्या नभोवाणीवरून रात्री गोष्टी सांगणारा कथेकरी, आणि चित्रपटातील प्रौढ निवेदकाचा आवाजही त्याचाच. रात्र, गोष्ट सांगणारा, इंडियानातील बालपण, सण : साम्य मोठे आहे. पण तेथील मुलाला नाताळात हवी असते ती छऱ्यांची बंदूक, आणि आई, शिक्षिका, सांताक्लॉज असे सगळे नाही म्हणत असताना ती अखेर त्याला वडिलांकडून मिळते. शेफर्डचा निवेदक स्वतःच्या त्या हावरेपणाकडे मिस्कीलपणे पाहतो, म्हणून चित्रपट गोड न होता खमंग होतो. तेथे सणाच्या केंद्रस्थानी पुरी झालेली इच्छा आहे, तर श्यामच्या सणाच्या केंद्रस्थानी एक हिशेब आहे, आणि तो कधीच पुरा होत नाही. आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. सुटीत येणाऱ्या मुलाची ही अटळ शिक्षा. पुढच्या सर्व रात्री त्या राहिलेल्या बाकीच्या आहेत. शेफर्डच्या चित्रपटाचा प्रेक्षक दरवर्षी सुखावून उठत असेल, श्यामच्या प्रेक्षकाला मात्र काहीतरी द्यावयाचे राहून गेले आहे अशी चुटपुट लागते, आणि तीच त्याला पुन्हा त्या घरी नेते.

आता प्रश्न अत्र्यांचा. या पुस्तकाचा चित्रपट करावयास अत्रे हे वरवर पाहता अगदी अयोग्य गृहस्थ होते. ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांनी मराठी कवितेतील हळुवारपणाची रेवडी उडविली होती. ‘साष्टांग नमस्कार’, ‘लग्नाची बेडी’ यांचा नाटककार, व्यासपीठावर आणि पत्रात प्रतिपक्षाला सोलून काढणारा वादपटू, अशी त्यांची ख्याती. साने गुरुजींच्या लेखनावर रडवेपणाचा आरोप वारंवार झाला आहे. आणि विडंबनासाठी रडव्या लेखनासारखे आयते सावज दुसरे नसते. तरीही अत्र्यांनी त्याचे विडंबन न करता चित्रपट केला, निर्मिती-दिग्दर्शन स्वतः केले, गाजलेली गीते स्वतः लिहिली.

विडंबनकार हा भावुकतेचा शत्रू असतो ही समजूतच तपासून घ्यावयास हवी. खरा विडंबनकार भावुकतेच्या युक्त्या आतून जाणतो. कोठे शब्द ओला होतो आणि कोठे नुसता चिकट, हे त्याला नेमके ठाऊक असते. अत्र्यांच्या दिग्दर्शनात याची साक्ष पटते. पुस्तकात श्यामच्या आठवणी प्रौढ श्यामच्या अश्रूंतून गाळून येतात. प्रत्येक प्रसंगाच्या मागे-पुढे उपदेशाची आणि कृतज्ञतेची झालर असते, आणि आधुनिक वाचकाला अडते ती हीच झालर. पडद्यावर मात्र प्रेक्षकासमोर असतो तो माधव वझे यांचा श्याम, म्हणजे प्रत्यक्ष एक मुलगा : हट्टी, भित्रा, चटकन रुसणारा. पोहायला घाबरून दडून बसणाऱ्या श्यामला आई फोकाने मारते, तेव्हा त्या माराचे समर्थन करणारा प्रौढ आवाज प्रेक्षकाला लागत नाही. मुलाचे भय आणि आईचा निश्चय दोन्ही एकाच वेळी दिसतात. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हटून बसलेला श्याम आणि आपले लुगडे पसरणारी आई, हा प्रसंग पुस्तकात बोधवचनाकडे जातो. पडद्यावर लक्षात राहते ते पसरलेले लुगडे. बोध आहेच, पण तो वस्तूमागे उभा राहतो.

अत्रे स्वतः शिक्षक होते हेही विसरून चालणार नाही. पुण्यात त्यांनी शाळा चालविली, शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी ते लंडनला जाऊन आले, ‘नवयुग वाचनमाला’ त्यांनी सिद्ध केली. साने गुरुजीही अमळनेरचे शिक्षक. मराठी बालपणाची प्रतिमा दोन शिक्षकांनी मिळून घडविली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पण दोघांच्या शाळा वेगळ्या. गुरुजींचा वर्ग प्रार्थनेकडे झुकणारा, तर अत्र्यांच्या वर्गात मागच्या बाकावर हशा. चित्रपटातील छडीचे गाणे हा त्या हशाचाच भाग आहे. पुस्तकाच्या स्वरात ते बसत नाही, असा आक्षेप शुद्धतावादी घेऊ शकेल. परंतु ते गाणे नसते तर चित्रपटाचे दुःख एकसुरी झाले असते. वसंत देसाई यांच्या संगीताने तर त्याला मुलांच्या खेळातील गाण्याचे रूप दिले, आणि ज्या शिक्षेचे ते गाणे आहे ती शिक्षाच खेळकर वाटू लागली. (हे शिक्षणदृष्ट्या इष्ट झाले काय, हा निराळा प्रश्न. छडीला मराठी मनात जी अकारण माया मिळाली आहे तिचा काही दोष या चालीकडे जातो.)

द्रौपदीच्या फाडलेल्या पीतांबराचे गीत आशा भोसले यांच्या आवाजात घरोघरी गेले. कृष्णाच्या बोटाला जखम झाली असता पाठची बहीण चिंधी शोधीत राहते आणि मानलेली बहीण अंगावरचे वस्त्र फाडते, ही त्यामागील लोककथा. वस्त्र, बहीणभाऊ आणि उसने न ठेवणारे देणे : ‘आनंदाची दिवाळी’तील धोतर आणि दापोलीहून आलेला कोट यांच्याच जातीची ही प्रतिमा आहे. पुस्तकात विखुरलेली वस्त्रांची मालिका अत्र्यांनी एका गीतात गोळा केली. भाऊबीजेला हे गीत आजही ऐकू येते, आणि चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही तो परिचित वाटतो, याचे एक कारण येथे आहे.

आईच्या भूमिकेसाठी वनमाला यांची निवड हाही अत्र्यांच्या जाणकारीचा भाग. ‘सिकंदर’ (१९४१) मधील रूपसंपन्न नायिका खोताच्या ओढगस्तीच्या घरात उभी राहते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची खानदानी ठेवण गरिबीशी विसंगत दिसते. आणि तीच विसंगती कथेला हवी असते. ही आई जन्माची गरीब नाही, ती गरीब होत गेलेली आहे. उतरंडीवरून खाली येणाऱ्या घराचे सारे इतिहासकथन त्या चेहऱ्याने शब्दांवाचून केले आहे.

या उतरणीचे नाव कर्ज. पुस्तकाच्या उत्तरार्धातील रात्रींची शीर्षकेच ते सांगतात. त्यांतले एक कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हणते, दुसरे अब्रूच्या धिंडवड्यांविषयी आहे. आईच्या मृत्यूपूर्वी घराची अब्रू जाते, आणि पहिल्या घटनेत दुसरीचा वाटा आहे. १९५४ साली पहिल्यांदा दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. या दोन चित्रपटांची नावे एकत्र घेण्याची पद्धत नाही. एक मातृप्रेमाचा आणि दुसरा वास्तववादी असे त्यांचे वाटप झालेले आहे. प्रत्यक्षात दोन्ही चित्रपटांत सावकार आहे आणि जमिनीवरून उठणारे कुटुंब आहे. भेद एवढाच की शंभू महातो कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो आणि श्याम शाळेत जातो. शिक्षणाची वाट कोणाला उघडी होती, हा त्या भेदामागचा सामाजिक प्रश्न.

त्या प्रश्नाला सामोरे गेल्याशिवाय या चित्रपटाच्या चिरंतन आकर्षणाविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत रस्त्यात एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली आहे, ती उचलून देण्यास कोणी तयार नाही. आई श्यामला पाठविते, मोळी उचलून दे म्हणते, आणि मग घरी येऊन अंघोळ कर असेही सांगते. पहिल्या आज्ञेने अनेक पिढ्यांना हेलावून टाकले. दुसरीकडे पुष्कळांचे लक्षच गेले नाही. पण सीताबर्डीपासून दीक्षाभूमी दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे चित्रपटानंतर अवघ्या तीन वर्षांनी, त्या वृद्धेच्या नातवंडांनी तिथे जो निर्णय घेतला त्याच्या प्रकाशात ही अंघोळ वाचावीच लागते. आईचे औदार्य खोटे नाही. ते तिच्या काळाच्या विहिरीपर्यंत जाते आणि तिथे थांबते. साने गुरुजी स्वतः तिथे थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. आईने सांगितलेली अंघोळ मुलाने पुढे अशी नाकारली, असेही या चरित्राचे वाचन करता येईल. मात्र ते वाचन चरित्राचे झाले, संहितेचे नव्हे. संहितेत मोळीवाली वृद्धा प्रसंग संपताच रस्त्याने निघून जाते. तिचे घर, तिची दिवाळी, तिच्या घरी सुटीत येणारे कोणी मूल हे कथेच्या कक्षेत येत नाही.

ते घर मराठीत आले ते दुसऱ्या लेखणीतून. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये आई आहे, गाव आहे, शिकायला बाहेर पडलेला मुलगाही आहे. पण परतण्यात ओढीपेक्षा लाज आणि संताप अधिक आहे. नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये संस्कृत शिकणाऱ्या दलित मुलीला शाळेची वाट कशी चालावी लागली याचे कथन आहे. या आत्मकथनांनी ‘श्यामची आई’ रद्द केली असे मानण्याची एक घाई १९८० नंतरच्या समीक्षेत दिसते. ती अनावश्यक आहे. शिक्षणासाठी घर सोडणे आणि घर सोडल्यामुळेच घर दिसणे हे सूत्र दोन्हीकडे आहे. दलित आत्मकथनांनी त्याला विचारलेला प्रश्न असा, की ज्याच्या घरी परतण्यासारखे काही शिल्लकच ठेवले गेले नाही, त्याने सुटीत कोठे जावे? श्यामकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. पण प्रश्न ऐकू यावा एवढी शांतता श्यामच्या रात्रींत आहे, आणि आईची दुसरी आज्ञा न लपविता सांगण्याचा प्रामाणिकपणाही.

१० नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, दोन मराठी चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. एक सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’, दुसरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ भाग २’. पुढे ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. डहाके यांनी आपला चित्रपट कृष्णधवल ठेवला. निर्णय धाडसाचा होता, कारण सणाच्या हंगामात रंगांवाचून उतरणे सोपे नाही. परंतु १९५३ मध्ये कृष्णधवल हे मराठी चित्रपटाचे नेहमीचे रूप होते, २०२३ मध्ये ते अवतरणचिन्ह झाले. नव्या प्रेक्षकाला त्यातून पालगड आठवत नाही, अत्र्यांचा चित्रपट आठवतो. येथे स्मरणरंजन हा शब्द त्याच्या रूढ, सौम्य अर्थाने लागू पडतो : घराच्या जागी घराचे छायाचित्र आलेले आहे, आणि छायाचित्राला कर्ज नसते.

‘नाळ’चे तसे नाही. २०१८ च्या पहिल्या भागात विदर्भातल्या खेड्यातील चैत्या या मुलाला कळते, की ज्या आईच्या अंगाखांद्यावर तो वाढला ती त्याची जन्मदात्री नव्हे. दुसऱ्या भागात तो जन्मदात्या आईच्या गावी जातो आणि आपल्या सख्ख्या भावंडांना भेटतो. येथे खोती नाही, प्रार्थना नाही, बोधही नाही. उपदेशाच्या जागी मुलाचे न बोलता पाहणे आहे. पण जे घर आपले आहे आणि ज्यावर आपला हक्क सांगता येत नाही अशा घराच्या उंबऱ्यावर उभा असलेला मुलगा प्रेक्षकाने आधी कोठे तरी पाहिलेला असतो. श्यामच्या हातात भावासाठी कोट होता. चैत्या रिकाम्या हातांनी येतो, आणि त्याला ओळखावे की नाही हे तिथल्या भावंडांना ठरवायचे असते.